आधी पाखरं

लाकडात पक्षी कोरणाऱ्या त्या शिल्पकाराचा एक हट्ट होता, फोटो बघून काम करायचं नाही. बगळा करायचा ठरला की तो तळ्याकाठच्या चिखलात तासन् तास बसायचा आणि त्याची बायको मागे डबा घेऊन उभी असायची.

"अहो, एकदा माझाही चेहरा करा की," ती म्हणायची.

"पाखरं उडून जातात, म्हणून आधी ती. तू कुठे चाललीयेस?" तो मान न वळवता म्हणायचा.

ती गेली. महिनाभराने त्याने जपून ठेवलेला ओंडका बाहेर काढला. कपाळ झालं, नाक झालं, आणि पटाशी गालापाशी अडली. तिळापुरतं लाकूड राखायचं होतं. बगळ्याच्या मानेचा बाक त्याने डोळे मिटूनही कोरला असता. पण तिचा तीळ उजव्या गालावर होता की डाव्या, ते काही केल्या आठवेना.

शेवटी हट्ट बाजूला ठेवून त्याने मुलीला फोन लावला. "आईचा जवळून काढलेला एखादा फोटो असला तर पाठव गं."





"बाबा, फोटो आईच काढायची. सगळ्यांत तुम्ही आहात, नाहीतर तुमचे पक्षी."