परतीचा डबा

सुलेखा अमेरिकेच्या परराष्ट्र खात्यात शस्त्रविक्रीच्या फायली बघायची. मित्रदेशाच्या दूतावासातले कर्नल बैठकीला आले की ती आईच्या हातचे डबाभर बेसनलाडू द्यायची. पहिल्या खेपेला त्यांनी डबा धुऊनपुसून परत आणला, तेव्हा ती हसली. "रिकामा डबा परत करायचा नसतो, कर्नल. आईचा रूल आहे." तेव्हापासून डब्यातून कधी अक्रोड यायचे, कधी जर्दाळू. मग युद्ध झालं. दोन्ही देश एकाच शत्रूविरुद्ध खांद्याला खांदा लावून लढले. कर्नलांचा मुलगा त्यात गेला. युद्ध संपून वर्ष उलटायच्या आतच अमेरिकेने त्याच शत्रूला क्षेपणास्त्रं विकायचं ठरवलं. हुकूम वरचा होता, सही सुलेखाची. आज कर्नल बैठकीला आले. निघताना त्यांनी डबा तिच्यापुढे ठेवला. "रिकामा नाही, आईंना सांगा." तिने झाकण उघडलं. आत त्यांच्या मुलाला अमेरिकेने मरणोत्तर दिलेलं शौर्यपदक होतं.