आठची गोळी

"दिगंबरराव, तुमच्याच रक्तातल्या पेशींना आम्ही बहिणीच्या किडनीची ओळख पटवून दिली आहे," डॉक्टर म्हणाल्या. "त्या आता किडनीवर हल्ला करू पाहणाऱ्या बाकीच्या पेशींना आवरतील. आजपासून त्यासाठीच्या गोळ्या बंद!"

दिगंबर एकट्याच्या घरी परतला. किडनी दिल्यापासून कुमुदताई अकोल्याहून रोज रात्री आठला फोन करायची आणि पाण्याचा घोट ऐकल्याशिवाय ठेवायची नाही. अकरा वर्षांत दुसऱ्या कुणाचा फोन असा नेमाने आला नव्हता.

आठला फोन वाजला.

"घेतलीस का रे गोळी?"

बातमी त्याच्या अगदी ओठांवर आली होती.

"विसरलोच बघ, ताई. घेतो आता. तू ठेवू नकोस."

माठातून पेला भरून तो नुसतंच पाणी प्यायला, सावकाश, तिला ऐकू जाईल असं.