विसरलेली बरणी

आज तेल दिसलं नाही, तर प्रयोग बंद. संशोधक बाईंनी पुन्हा बरणी उजेडात धरून पाहिली. महिनाभर त्यांनी बरणीतल्या तेल बनवणाऱ्या नीलहरित जिवाणूंना जिवापाड जपलं होतं, घाण साचू नये म्हणून रोज पाणी बदललं होतं. तरी थेंब नाही.

प्रयोगशाळेच्या प्रमुख सरांनी त्याच जिवाणूंची, खिडकीत विसरून राहिलेली दुसरी बरणी उचलली. वर तेलाचा तवंग!

"हिला कोण बघत होतं?"

"कुणीच नाही, सर."

"म्हणूनच! तेल करताना जिवाणू पाण्यात जे सोडतात, तेच ते परत वापरतात. तेच तुम्ही रोज ओतून देत होतात, बाई. आता आठ दिवस हात लावायचा नाही."

परगावी शिकणाऱ्या बाईंच्या लेकीनेही काल बजावलं होतं, "आई, रोज रोज काय? आठ दिवस फोन करू नकोस."

बरणीकडे गेलेला हात बाईंनी मागे घेऊन खिशात घातला. आत फोन होता.