घरमालकिणीचा आवाज

आम्ही तिघी मैत्रिणींनी खुनाच्या तपासाचा विनोदी गेम बनवला. त्यातल्या खून झालेल्या घरमालकिणीला माझ्या आत्याचा आवाज होता. मेल्यावरही ती डिटेक्टिव्हला झापायची, “आधी पाय पूस, मग खुनी शोध!” रेकॉर्डिंगनंतर महिनाभरातच घशाच्या ऑपरेशनमध्ये आत्याचा आवाज कायमचा गेला. ऐकून तिला वाईट वाटेल म्हणून आम्ही तो गेममधून काढून टाकला. तयार गेम पहिल्यांदा खेळायला तिलाच बसवलं. घरमालकिणीला गप्प पाहून आत्याने वही ओढून लिहिलं, “खून माझा झालाय. माझं तोंड कोणी बंद केलं?” आम्ही खाली माना घालून खरं सांगितलं आणि आवाज परत घातला. हेडफोन लावून ती ऐकत राहिली. तिचे खांदे गदगदा हलले, डोळ्यांतून पाणी आलं. ती हसत होती. मग तिने लिहिलं, “पोरींनो, उपकार झाले तुमचे. आता मी घरोघरी भांडेन!”