निळी वायर

हॉलमधल्या राउटरपासून निघालेली निळी वायर शलाकाने भिंतीच्या कडेकडेने बाबांच्या खोलीपर्यंत आणली. उंबऱ्याशी ती क्षणभर थांबली, दाराकडे पाहिलं आणि वायर आत नेली.

आई गेल्यापासून हे दार बंदच असायचं. बाबा जेवायला बाहेर येत, आपलं ताट विसळून ठेवत आणि पुन्हा आत जाऊन कडी लावून घेत. परवा मात्र त्यांनी आपणहून विचारलं होतं, "माझ्या जुन्या कॉम्प्युटरवर नेट येईल का गं? मिरजेचा टिकेकर मेलवर बुद्धिबळ खेळू म्हणतोय."

"नवा लॅपटॉपच घेऊ या ना."

"नको. याच्यावर हात बसलाय माझा."

वायर जोडली आणि थोड्याच वेळात टिकेकरांची पहिली चाल पडद्यावर आली. बाबा हरखले. मग सवयीने दार लावायला उठले, तर ते वायरीवर अडलं.

"शलाका, दार लागत नाहीये."

"वायर चेमटली तर नेट जाईल, बाबा. या कॉम्प्युटरला वाय-फाय नाही ना."

ते खरंच होतं. पण वाय-फाय देणारं नखाएवढं यंत्र तिने सकाळीच विकत आणलं होतं. स्वयंपाकघरात येऊन तिने ते पर्समधून काढलं, लवंगांच्या डबीमागे सरकवलं आणि चहाचं आधण ठेवलं.

आलं किसून टाकलं, तोच आतून आवाज आला, "मलाही घोटभर टाक गं. आल्याचा वास पार इथवर आलाय."