वळणावरची टेंभुर्णी

२०२२ सालची गोष्ट. नव्या, अजून न उभारलेल्या वीजवाहिनीच्या खर्चावर यवतमाळात जाहीर सुनावणी भरली होती. वीजग्राहकांच्या वतीने शिक्षिका कुंदाताईंनी नकाशावर बोट ठेवलं. "साहेब, दारव्ह्याच्या माळावर लाइन वाकडी काहून नेली? या वळणापायी तीन टॉवर वाढले. खर्च आमच्याच बिलात येणार ना!" टाळ्या पडल्या. लाइन आखणारे अभियंते श्रीकृष्णराव जवळ आले, हळूच म्हणाले, "तिथं आपली टेंभुर्णी हाये, कुंदा." शाळेच्या वाटेवरचं ते झाड. त्याच्याखालीच तरुणपणी त्यांनी कुंदाला मागणी घातली होती, अन् वडिलांच्या धाकाने कुंदा नाही म्हणाली होती. मागे सभागृह उत्तराची वाट पाहत होतं. "मंग लोकायनं कायले भरायचं? सरळ न्या," त्या म्हणाल्या. टेंभुर्णी तुटली. श्रीकृष्णराव निवृत्त होऊन मुलाकडे पुण्याला गेले. कुंदाताई एसटीत अजूनही टेंभुर्णी होती त्याच बाजूची खिडकी धरतात, अन् माळ सरेपर्यंत कुणाशी बोलत नाहीत.