मुरगळलेला पाय

"हाड जुळंल पोरीचं. पर तू अशी दिसरात तिच्या मागं मागं फिरलीस, तर तिचं काळीज जुळायचं न्हाय."

वैरागहून आलेल्या केराबाई हे सुनेला म्हणाल्या होत्या, आणि रेश्मानं ते तिथंच सोडून दिलं होतं. सासूबाईंना बोलायला काय जातंय. गेल्या उन्हाळ्यात आरोही शाळेच्या जिन्यावरून पडली, तेव्हा प्लास्टरमधल्या पायापाशी रात्रीच्या रात्री कुणी बसून काढल्या होत्या?

आताही नान्नजच्या माळावर ती लेकीच्या त्याच डाव्या पायाकडं बघत चालली होती. सोलापूरहून पहाटेच निघालेली ही पक्षी बघणाऱ्यांची मंडळी. आरोहीनं नवव्या वाढदिवसाला फ्रॉक नको, सायकल नको, हेच मागितलं होतं. मीपण येणार, या अटीवर रेश्मानं होकार दिला होता. मुरमावरून पाय घसरतात, म्हणून ती सारखी सांगत होती, खाली बघ. शेवटी पोरगी म्हणाली, "आई, पक्षी वर असतात."

वाट दाखवणाऱ्या रेवणसिद्धनं सगळ्यांना पाणवठ्यापाशी आणलं. उन्हं चढली की इथं पखुर्ड्या, माळावरचे कबुतराएवढे पक्षी, थव्यानं पाणी प्यायला उतरतात. पण मंडळी टेकायच्या आत एक टिटवी उठली आणि डोक्यावर घिरट्या घालत ओरडायला लागली. रेवणसिद्ध हळूच म्हणाला, हिची अंडी असणार जवळपास, इथं नको थांबायला, पलीकडच्या बाभळीखाली बसू.

"ही आमच्या बँकेतली कॅशियरच दिसतीय. येईल त्याला हाकलायचं," प्रभुकाका म्हणाले, आणि सगळे हसले. प्रभुकाका नुकतेच निवृत्त झाले होते. त्यांच्या कॅमेऱ्याची नळी हातभर लांब होती. अंडी असतील तर त्यांचेही दोन फोटो घेऊन जाऊ, असं त्यांनी सुचवलं आणि मंडळी वाकून शोधायला लागली. रेवणसिद्ध दोनदा बोलला. ते कुणाच्या कानापर्यंत गेलंच नाही. टिटवीची अंडी मुरमात मुरमासारखीच दिसतात, तेव्हा सापडेनात. कुणी हटेनाही. ऊन वाढत होतं. टिटवी खाली उतरायची, चार पावलं धावायची, माणसं बघून पुन्हा उठायची.

रेश्माचं तिकडं लक्षच नव्हतं. तिला आरोही दिसत होती. मघापासून ती एका जागी खिळल्यासारखी उभी होती. मग ती सगळ्यांना सोडून गाडीच्या दिशेनं एकटीच चालायला लागली. रेश्मा हाक मारणार, एवढ्यात ती पडली.

"आई गं, पाय!"

रेश्माच्या हातातली बाटली तिथंच पडली. ती धावली. सगळेच धावले. प्रभुकाकांनी कॅमेरा पाठीवर टाकला आणि नातीला उचलावं तसं आरोहीला उचललं. घाबरू नको बाळा, असं म्हणत, स्वतःच धापा टाकत ते तिला रस्त्यावरच्या गाडीपर्यंत घेऊन गेले. मागून चालताना रेश्मा मनात मोजत होती. पुन्हा एक्स-रे. पुन्हा प्लास्टर. पुन्हा सगळा उन्हाळा खाटेवर. कुणाच्या हट्टापुढं मान तुकवली आपण? काकांच्या खांद्यावरून आरोहीचा चेहरा दिसत होता. ती माळाकडं टक लावून बघत होती. डोळ्यांत टिपूस नव्हतं.

रेवणसिद्ध पट्टी शोधायला गाडीच्या मागच्या बाजूला गेला. बाकीचे सावलीला टेकले. रेश्मानं सीटवर बसून बूट काढला, मोजा काढला, आणि डॉक्टरांनी दाखवलं होतं तसा घोटा दाबून पाहिला. सूज नव्हती. तिनं पुन्हा दाबला. आरोही साधी कण्हलीही नाही. ती खिडकीतून दुर्बीण लावून बसली होती.

"अगं, दुखतंय कुठं?"

"आई, हळू बोल. ती उतरलीय."

"कोण?"

"टिटवी. अंडी प्रभुकाकांच्या बुटापाशीच होती की. दाखवली असती तर सगळे तिथंच बसले असते फोटो काढत." तिनं दुर्बीण आईकडं दिली. "ऊन लई झालंय. ती वर सावली धरून उभी राहिली नाही, तर अंडी शिजतात."

रेश्मानं दुर्बीण लावली. बराच वेळ नुसता मुरूम दिसला. मग त्यातून टिटवी चालत आली, थांबली, मान वळवून इकडंतिकडं पाहिलं, पुन्हा चालली. एका जागी येऊन तिनं पाय जरा फाकवले, पंख सैल सोडले, आणि ती तशीच उभी राहिली.

वर्षभर रेश्मानं या पोरीचा पायच तेवढा पाहिला होता.

पट्टी घेऊन रेवणसिद्ध आला. त्याच्या मागोमाग घाम पुसत प्रभुकाका. त्यांनी विचारलं, नुसताच मुरगळलाय ना? घटकाभर बसली की वाटेल बरं. मग पाणवठ्यावर एक चक्कर टाकू?

रेश्मानं धडधाकट घोट्याभोवती पट्टीचा एक वेढा घातला. मग दुसरा, जरा ओढून.

"नाही हो काका. पाय टेकवतसुद्धा नाही ती. गाडी घराकडंच घ्या."

वर्षभर पोरीचं दुखणं काढलेल्या आईचा आवाज होता तो. कुणी वाद घातला नाही. रेवणसिद्धनं एकदा पट्टीकडं पाहिलं, एकदा माळाकडं, आणि लगबगीनं गाडी सुरू केली.

त्या दिवशी पखुर्ड्या कुणालाच दिसल्या नाहीत. आरोही सगळ्यांच्या देखत लंगडत घराचा जिना चढली, आणि मागून तिची पिशवी घेऊन येणाऱ्या रेश्माचा ऊर इतका भरून आला होता, की तिला एकदाही 'सांभाळून' म्हणायचं सुचलं नाही.

हल्ली माळाकडं निघालेल्या प्रत्येकाला रेश्मा एक काम सांगते. तुम्ही जाणार असाल, तर तुम्हालाही सांगेल: खाली उतरू नका. रस्त्यावरूनच, गाडीत बसून दुर्बीण लावा, आणि टिटवी सावली धरून उभी आहे का, तेवढं बघून या.